वीस तारीख, निघोजे

सकाळी ६.३०
पहिल्या पाळीची वेळ. कंपन्यांच्या बसेस म्हाळुंग्याकडे निघाल्यात, टपरीवर कंत्राटी कामगारांची गर्दी आहे. टपरीची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत, म्हणून जीएसटीची नोंदणी नाही आणि चहावर कर नाही, असा सगळ्यांचा समज. पण चहा पावडर आणि साखर यांवर ५ टक्के, व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के कर टपरीवाल्याने आधीच भरलेला असतो. नोंदणी नसल्याने त्याचं क्रेडिट त्याला मिळत नाही. तो कर चहाच्या किमतीत मुरतो आणि पिणारा भरतो.

सकाळी ८.३०
लहान कारखान्यांची करविवरणपत्रं भरणं हे माझं काम. आज जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, ३बी, भरायची शेवटची तारीख, त्यामुळे कार्यालय उघडण्याआधीच एक वर्कशॉपवाले येऊन बसलेत. त्यांनी महिन्यात १ लाखाचा स्टीलचा बार घेतला, त्यावर १८,००० कर दिला. बुश बनवून १ लाख ६० हजारांना विकले, त्यावर २८,८०० कर लावला. आधीचे १८,००० वजा जाता भरायचे १०,८००.

"सर, समोरच्याचं पेमेंट अजून आलं नाही. पैसे न मिळता कर कुठून भरू?"

त्यांची तक्रार रास्त आहे. कर बिलाच्या तारखेवर लागतो, पैसे हाती येण्यावर नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी हा देशभर एक विक्रीकर आला, जकात आणि व्हॅटची गुंतागुंत सुटली, हा मोठाच फायदा. पुरवठादाराने बिल दाखवल्याशिवाय घेणाऱ्याला क्रेडिट नाही, त्यामुळे चोरीलाही आळा बसतो. फक्त शेवटच्या दुकानात घेतल्या जाणाऱ्या विक्रीकरात ही साखळी नसते. तिथे एकाने बिल फाडलं नाही की सगळाच कर बुडाला.

सकाळी ११
आता पगारपत्रक. महाराष्ट्रात १९७५ पासून व्यवसाय कर आहे. रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी तो बसवला. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. वीस हजार कमावणारा ऑपरेटर आणि दोन लाख घेणारा मॅनेजर, दोघांनाही तेवढाच. ऑपरेटरच्या उत्पन्नाचा तो १ टक्क्याहून थोडा जास्त, मॅनेजरच्या उत्पन्नाचा जेमतेम ०.१ टक्का. सारखी रक्कम आणि सारखा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला याहून चांगला कागद नाही.

आयकराचं चित्र उलटं. २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत ऑपरेटरला शून्य. मॅनेजरचे २४ लाख. ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून उपकरासह कर २,९२,५००, म्हणजे साधारण १२ टक्के.

दुपारी १
खानावळीत एक कामगार विचारतो, "साहेब, आम्ही तर टॅक्स भरतच नाही ना?"

मी त्याला त्याचीच खरेदी मोजायला लावतो. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के. साबण, टूथपेस्ट, बिस्किटांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ होता, आता ५. पेट्रोल जीएसटीबाहेर आहे, पण त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. सुटं दूध, भाजी आणि खोलीभाड्यावर कर नाही, हा दिलासा. "म्हणजे भरतो की," तो म्हणतो. भरतो. सरकार आपल्या पैशावर चालतं हे प्रत्येक कामगाराला माहीत असलंच पाहिजे.

दुपारी ४
सकाळचे वर्कशॉपवाले परत आले. त्यांचं म्हणणं, "आयकर बंद करा, एकच विक्रीकर ठेवा. रोखीत कमावणारा आयकरातून सुटतो, खरेदीत सुटणार नाही." असा विचार मराठी माणसाला नवा नाही. संभाजीनगरच्या अनिल बोकील यांच्या अर्थक्रांतीने सीमाशुल्क सोडून सगळे कर काढून बँक व्यवहारावर एकच कर सुचवला होता. एस्टोनियाने १९९४ मध्ये आयकर काढला नाही, पण त्याचा एकच दर ठेवला. अमेरिकेत आयकराऐवजी राष्ट्रीय विक्रीकराची मागणी करणारे प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परतावाही द्यायचा म्हणतात, कारण त्याशिवाय गरीब मरेल हे त्यांनाही कळतं.

आम्ही कागदावर मांडून पाहिलं. दर १० टक्के धरला. एकच दराचा आयकर, पण पहिले ४ लाख माफ: ऑपरेटरला शून्य, मॅनेजरला वर्षाला २ लाख. आता तोच दर विक्रीकराचा. ऑपरेटर वीसपैकी अठरा हजार खर्च करतो, कर १,८००. पगाराच्या ९ टक्के. मॅनेजर दोन लाखांतले ८० हजार खर्च करतो, कर ८,०००. पगाराच्या ४ टक्के. शिल्लक पैसा कधीतरी खर्च होईलच, हा त्यांचा मुद्दा खरा. पण तो जमिनीत किंवा शेअरमध्ये वाढत राहतो, ऑपरेटरचा मात्र याच महिन्यात किराण्यात जातो.

माफी काढून सरसकट १० टक्के आयकर लावला तरी तेच: ऑपरेटर शून्यावरून २४,००० वर जातो, मॅनेजर २,९२,५०० वरून २,४०,००० वर उतरतो.

सायंकाळी ७
पोर्टल गर्दीने हळू चालतंय. एकेक चलान भरून घेतो. फॉर्म कमी हवेत, दर कमी हवेत, लहान कारखानदाराला पैसे हाती आल्यावर कर भरायची मुभा सरसकट हवी. हे सगळं दर एक न करताही साधता येतं.

रात्री १०
शेवटचं विवरणपत्र गेलं. माझं मत पक्कं आहे. एकच दर निवडायचाच झाला, तर तो आयकराचा असावा आणि जगण्यापुरतं उत्पन्न त्यातून पूर्ण माफ असावं. विक्रीकर राहू दे, पण ताटातल्या आणि न्हाणीघरातल्या वस्तूंवर शून्य किंवा ५ टक्क्यांच्या आत. कोणीही 'सगळ्यांना एकच कर' म्हणालं, तर निघोज्यातल्या ऑपरेटरने दर विचारू नये. कर भरल्यावर माझ्या हातात किती उरतं आणि साहेबाच्या हातात किती, हे विचारावं, आणि उत्तर आकड्यात मागावं.