किल्ली राहिली जुन्या डिस्ककडे

जुन्या डेस्कटॉपला नवी एसएसडी लावायची, तिच्यावर विंडोज मारून घ्यायचं आणि खडखडायला लागलेली जुनी हार्ड डिस्क काही महिन्यांनी काढून टाकायची, हा आता घरोघरचा उद्योग आहे. काहींचा संसार त्याहून मोठा असतो: एका डिस्कवर विंडोज १०, दुसरीवर ११, उरलेल्या जागेत उबुंटू किंवा मिंट. सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी जुनी डिस्क निघते आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. एसएसडी ठणठणीत, फायली शाबूत, तरी संगणक ढिम्म.

बिघडलेलं काहीच नसतं. विंडोजच्या इन्स्टॉलरला आधीच्या डिस्कवर तयार बूट पार्टिशन दिसलं, की तो बहुतेक वेळा तेच वापरतो. म्हणजे घर नव्या डिस्कवर आणि दाराची किल्ली जुनीच्या खिशात! लिनक्सचे काही इन्स्टॉलरही हाच आगाऊपणा करतात. डिस्क काढण्याआधी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहावं. चालू विंडोजच्या भागावर ‘बूट’ लिहिलेलं असतं आणि ते सुरू करून देणाऱ्या फायलींच्या भागावर ‘सिस्टीम’. (नावं उलटी वाटतात, पण मायक्रोसॉफ्टची रीत तीच आहे.) ‘सिस्टीम’ डिस्क ० वर आणि ‘बूट’ डिस्क १ वर दिसलं, तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

१९८३च्या पीसी-डॉस २.० पासून चालत आलेल्या पद्धतीत हा सगळा कारभार डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये उरकायचा. ४४६ बाइट्स सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ चार पार्टिशनांच्या तक्त्याला आणि शेवटचे दोन खुणेपुरते. आजच्या यूईएफआय संगणकात डिस्कवर फॅट३२ पद्धतीचं एक छोटं वेगळं पार्टिशन असतं आणि त्यात बूट फायली साध्या फायलींसारख्या पडलेल्या असतात. कुठली फाइल आधी उघडायची, ती यादी मात्र डिस्कवर नसते; ती मदरबोर्डच्या मेमरीत असते. म्हणूनच एका संगणकातली चालती डिस्क दुसऱ्यात लावली, की तो तिला ओळख दाखवेलच असं नाही. यादीत नाव नसेल, तर ‘ईएफआय’ फोल्डरातल्या ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल शोधायची, असा संकेत आहे.

दुसऱ्या डिस्कला स्वतःच्या पायावर उभं करताना हाच संकेत कामी येतो. आधी बॅकअप घ्या. मग त्या डिस्कवरचं विंडोजचं पार्टिशन थोडं आखडून काहीशे एमबी जागा मोकळी करा, ‘डिस्कपार्ट’मधून तिथे ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट३२मध्ये फॉरमॅट करून त्याला एखादं अक्षर द्या. मग ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा द्यायची: विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते सांगायचं, फायली कुठे ठेवायच्या त्या पार्टिशनचं अक्षर सांगायचं. असं अक्षर दिलं, की ही आज्ञा मदरबोर्डच्या यादीला हात लावत नाही. भिस्त त्या ठरलेल्या फाइलवरच असते. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना एफ१२ किंवा एफ११ दाबून, तुमच्या बोर्डाची जी कळ असेल ती, दुसरी डिस्क हाताने निवडावी. बिटलॉकर चालू असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बूटमध्ये ढवळाढवळ झाली की ती मागितली जाऊ शकते.

लिनक्सवाल्यांची तक्रार वेगळी असते: ग्रबच्या यादीत विंडोज दिसतच नाही. २०२१च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम हुडकणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद ठेवलेला असतो. तो चालू करून यादी नव्याने बनवली, की काम होतं. पण माझं मत विचाराल, तर एकाच यादीचा हट्ट कशाला? प्रत्येक डिस्कवर तिचं स्वतःचं बूट पार्टिशन असावं आणि निवड कळ दाबून करावी. नवीन सिस्टीम घालताना बाकीच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवली, की इन्स्टॉलरला आगाऊपणा करायला जागाच उरत नाही.

हे सगळं झाल्यावर संगणक पूर्ण बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा आणि चालू करून पाहा. विंडोज नीट उघडलं, तरच ती जुनी डिस्क फॉरमॅट करायला घ्या.