व्रताचें हंसें कीं व्रतस्थाचें?
(‘ब्रह्मचारी’ बोलपटाविषयीं)

धुळें-जळगांवकडील ज्या घरांत ‘दासबोध’ नित्य वाचला जातो, तेथें ‘ब्रह्मचारी’ या बोलपटाचें नांव काढल्यास वडील मंडळींच्या कपाळावर एखादी आठी उमटण्याचा संभव आहे. लग्नमंडपांत ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच समर्थ निघून गेले, असें परंपरा सांगते. त्या समर्थांच्या संप्रदायाचीं हस्तलिखितें शंकर श्रीकृष्ण देव यांनीं आयुष्य वेंचून जमविलीं. तीं धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत जतन केलेलीं आहेत. ज्या प्रांतांत ब्रह्मचर्याला असा मान, तेथील कुटुंबांनीं ब्रह्मचाऱ्यावर रचलेल्या विनोदाला हंसावें काय? हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे प्रेमाची विनोदी कथा कशाच्या बळावर उभी राहते, तेंही उलगडतें.

‘ब्रह्मचारी’ १९३८ सालीं हंस पिक्चर्सनें मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. लेखणी आचार्य अत्रे यांची. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची. नायिका मीनाक्षी शिरोडकर. औदुंबर नांवाचा एक साधा तरुण देशभक्त जटाशंकरांचें व्याख्यान ऐकतो आणि एकाएकीं त्याचें चित्त पालटतें. जवळचीं नटींचीं चित्रें तो फेंकून देतो, संसारसुखावर पाणी सोडतो आणि जटाशंकरांच्या संस्थेंत दाखल होतो. पुढें किशोरी भेटते, आणि व्रताची कसोटी सुरू होते.

प्रेमकथेंत विनोद आणावयाचा, तर दोन जिवांच्या मध्यें कांहीं तरी अडसर हवा. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकांत (१९१६) तो अडसर संशयाचा आहे. एक तसबीर भलत्या हातीं पडते आणि दोन घरें पेटतात. एल्. व्ही. प्रसाद यांच्या ‘मिस्सम्मा’ या तेलुगू चित्रपटांत (१९५५) तो बहाण्याचा आहे. शाळेंतील नोकरीसाठीं दोघे अविवाहित पदवीधर पतिपत्नी असल्याचें भासवितात. पण या दोन्ही ठिकाणीं कोणी एकदां खरें बोलून टाकलें, तर पुष्कळशी गुंतागुंत सुटेल. औदुंबराचें तसें नाहीं. त्याचा अडसर त्याच्याच छातींत आहे. वाटेंत कोणी कठोर पिता उभा नसला, तरी किशोरीला लढावें लागतें तें त्याच्याच शब्दाशीं. खरें सांगितल्यानें ही गांठ सुटत नाहीं. कारण कोणी खोटें बोललेलेंच नाहीं. बोलपटाच्या यशाचें मर्म मला येथें दिसतें.

दुसरी गोष्ट औदुंबराच्या प्रामाणिकपणाची. तो भोंदू असता, तर त्याची फजिती पाहून आपण सूड घेतल्यासारखे हंसलों असतों, आणि घरीं परततांना मनांत कडवटपणा उरला असता. परंतु हा मुलगा मनापासून व्रत घेतो. म्हणून त्याच्या फजितींत आपल्याला आपलेच नववर्षाचे संकल्प दिसतात. अत्र्यांनीं ‘साष्टांग नमस्कार’ नाटकांत (१९३३) हेंच केलें होतें. नमस्कार हा उत्तम व्यायाम. हंसें होतें तें नमस्कारांनींच जगाचीं सर्व दुखणीं बरीं होतील असें मानणाऱ्या वेडाचें. त्याचप्रमाणें येथेंही थट्टा होते ती उसन्या व्रताची. एका व्याख्यानाच्या भरांत घेतलेलें व्रत दुसऱ्याच्या मापाच्या अंगरख्यासारखें असतें. चालूं लागलें कीं तें पायांत येतें.

तिसरी गोष्ट किशोरीची. पोहण्याच्या पोषाखांत तिनें म्हटलेल्या गाण्यानें त्या काळीं मोठी खळबळ उडविली. आज ती ओसरली आहे. राहिली आहे ती किशोरीची हिंमत. तपोभंगाच्या जुन्या कथांत अप्सरा इंद्राच्या आज्ञेनें येते आणि काम झालें कीं निघून जाते. किशोरीला कोणी धाडलेलें नाहीं. तिला हा वेडा तरुण आवडतो, आणि आपली निवड ती लपवीत नाहीं. वधूची संमति गृहीत धरण्याची रीत ज्या घरांत होती, त्या घरांतील लेकीसुनांना या हंसण्यांत कांहीं गंभीर ऐकूं आलें असेल, तर नवल नाहीं.

तेव्हां वडील मंडळींनीं आठी घालण्याचें कारण नाहीं. समर्थांनीं स्वतः संसार केला नाहीं, तरी संसारी माणसाला प्रपंच नीट करण्याचाच उपदेश केला. सर्वांनीं आपल्यासारखें व्हावें, असा आग्रह त्यांनीं धरला नाहीं. औदुंबराच्या गुरूला हा विवेक असता, तर बोलपट निघालाच नसता! घरांतील एखाद्या मुलानें उद्यां कोणतेंही मोठें व्रत जाहीर केलें, तर त्याला हंसूं नये आणि लगेच हारही घालूं नये. हें तुझें तुला सुचलें कीं कोणी सांगितलें, एवढेंच मायेनें विचारावें. औदुंबराला तें कोणीं विचारलें नाहीं.