अकरा दिवसांचा कोळसा

२० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली, तेव्हा तिच्यावर पाहावं तिथे कोळसा होता. तिची कोठारं साडेपाच दिवस पुरेल एवढ्या कोळशाच्या बेताने बांधलेली. पहिला मुक्काम एडन, आणि तिथवर अकरा दिवस लागणार. म्हणून कॅप्टन जॉन विल्सन यांनी कोठारं भरल्यावर उरलेला कोळसा जागा मिळेल तिथे कोंबला, डेकवरही रचला. बोट ठरल्यापेक्षा कितीतरी खोल बुडाली आणि तशीच अरबी समुद्रात शिरली. ती एडनला पोचली, तिथे पुन्हा कोळसा चढवून २२ एप्रिलला सुएझला लागली. मुंबई ते सुएझ वाफेवर झालेला हा पहिला प्रवास.

इतिहासाच्या पुस्तकात हिला दोन-तीन ओळी मिळतात. मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली. १८२९ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. भार ४११ टन, लांबी १४० फूट, रुंदी २५ फूट. लंडनच्या मॉडस्ले कारखान्याची ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, दोन्ही कुशींना एकेक चाक आणि वाऱ्याचा फायदा घ्यायला डोलकाठ्या नि शिडंही. नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाचं. त्याआधी १८२३ मध्ये कलकत्त्याला 'डायना' झाली होती, आणि १८२५ मध्ये 'एंटरप्राइज' आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडहून कलकत्त्याला आली होती. पण तांबड्या समुद्राची वाट वाफेने उघडली ती मुंबईच्या या बोटीने. लंडनच्या संचालकांना खर्च पाहून धडकी भरली, मुंबई सरकारने मात्र हट्ट सोडला नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतलं, त्यामागे कोळशाचं ठाणं हे एक मोठं कारण होतं.

याच बोटीचं मॉडेल धसईत बांधायला घेतलं आहे. माप एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे खऱ्या बोटीचा एक फूट तो मॉडेलचा पाव इंच. लांबी पस्तीस इंच, रुंदी सव्वासहा. या मापात उभा माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो.

धसई मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. इथून समुद्र दिसत नाही आणि गावात कुणी बोट बांधलेली नाही. पण इकडच्या डोंगरांतून येणारी काळू नदी टिटवाळ्यावरून उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणच्या खाडीला. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली ती याच खाडीत. नाणेघाट उतरून येणारा माल शतकानुशतकं कल्याणलाच जात होता. खाडी आणि जंगल यांचा हा जुना व्यवहार मनात होता, म्हणून बोटीचं लाकूड इथलंच असावं असं पहिल्यापासून वाटत होतं.

लाकूड अर्थात साग. मुंबईच्या गोदीची कीर्तीच सागावर उभी होती. १८१७ मध्ये तिथे बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण बाजारातल्या ज्या सुतारकाकांच्या मदतीने हे काम चाललं आहे, त्यांनी सागाची पट्टी उजेडात तिरपी धरली आणि मान हलवली. "भाऊ, याची भोकं बघा. एवढ्याशा बोटीला साग लावाल तर फळीला कीड लागल्यावानी दिसंल. हेद घ्या."

त्यांचं म्हणणं मोजून पाहता येतं. सागाच्या आडव्या कापात वर्षाच्या वलयाला लागून जी छिद्रं दिसतात, ती पाव मिलिमीटरच्या आसपास असतात. अठ्ठेचाळीसने गुणलं की खऱ्या बोटीच्या फळीवर अर्ध्या इंचाची भोकं होतात. लाकूड लहान कापता येतं, त्याचे रेषे लहान करता येत नाहीत. हेदूचं लाकूड पिवळसर, पोत बारीक आणि सारखा. लेथवर उतरतं छान. आत सांगाड्याला शिवण, कारण ती हलकी आणि वाळल्यावर फारशी वाकडी होत नाही. तळाचा पठाण, त्याच्यावर वाक, वाकांवर फळ्या, हा क्रम कोकणातल्या कुठल्याही होडीसारखाच. सागवानी बोट दाखवायला साग बाजूला ठेवावा लागला. खऱ्या सागाच्या फक्त डोलकाठ्या, त्याही सुतारकाकांनी अगदी दाट रेषांचा तुकडा शोधून दिला म्हणून.

सांगाडा, फळ्या, डोलकाठ्या ही मेहनतीची कामं आहेत, पण त्यांत कोडं नाही. कोडं चाकात आहे.

चाकाच्या आगबोटीचं चाक म्हणजे विहिरीवरच्या रहाटाची उलटी चाल: रहाट फिरून पाणी वर आणतो, हे चाक फिरून बोट पुढे नेतं. साध्या चाकाची पाती आऱ्यांना कायमची ठोकलेली असतात. पातं पाण्यात शिरतं ते तिरपं, त्यामुळे आधी पाण्याला खाली दाबतं. अगदी तळाशी आलं की पाणी सरळ मागे रेटतं. बाहेर निघताना पुन्हा तिरपं होतं आणि पाणी वर उचलून फेकतं. बोट पुढे जाते ती मधल्या टप्प्यातल्या रेट्याने, बाकीची ताकद पाणी दाबण्यात आणि उचलण्यात जाते.

यावर एलिजाह गॅलोवे या इंग्रज इंजिनिअरने १८२९ मध्ये, म्हणजे 'ह्यू लिंडसे' पाण्यात उतरली त्याच वर्षी, एका नव्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यात प्रत्येक पातं बिजागरीवर फिरतं. पात्याच्या पाठीला एक आखूड हात, हाताला एक लांब दांडा. सगळ्या पात्यांचे दांडे मध्यभागी एका कड्याला येऊन मिळतात. हे कडं चाकाच्या आसाभोवती फिरत नाही. त्याचं केंद्र आसापासून थोडं पुढे सरकवलेलं असतं. या सरकण्यामुळे चाक फिरेल तसे दांडे पात्यांना कधी ओढतात, कधी ढकलतात आणि प्रत्येक पातं पाण्यात जवळजवळ उभं शिरतं, उभंच बाहेर येतं. सगळे दांडे कड्यापाशी सैल, एकच दांडा कड्याला पक्का जडवलेला. तो कड्याला चाकाबरोबर फिरत ठेवतो. तो एक दांडा काढला तर कडं वाटेल तसं भरकटतं आणि पाती एकमेकांवर आदळतात. १९४६ मध्ये बांधलेली स्कॉटलंडची 'वेव्हर्ली' अजून प्रवासी घेऊन समुद्रात जाते, ती अशाच फिरत्या पात्यांवर.

'ह्यू लिंडसे'ला साधीच चाकं असावीत. त्याच वर्षीचं पेटंट मुंबईच्या बोटीला लगेच लागलं असेल असं वाटत नाही. तरी दोन्ही तऱ्हांचं एकेक चाक बनवलं, फरक डोळ्यांनी पाहायचा होता म्हणून. चार इंच व्यासाची, पितळेची. खऱ्या बोटीवर हे सोळा फुटांचं चाक झालं. एक जुनं तांब्याचं घंगाळ घेतलं, काठावर फळी टाकून चाक बसवलं, खेळण्यातली मोटर लावली आणि तांब्या-तांब्याने पाणी वाढवत गेलो.

खालचं पातं जेमतेम बुडेल इतकं पाणी असताना दोन्ही चाकं छान चालली. पाण्यावर टाकलेला लाकडाचा भुसा मागे सरळ वाहत गेला. आणखी पाणी घातलं. साध्या चाकाची पाती आता पाण्यावर थपडा मारू लागली, मागच्या बाजूने पाणी फवाऱ्यासारखं वर उडू लागलं आणि मोटरचा आवाज जड झाला. भुसा मागे जायचा थांबला आणि चाकाभोवती घोटाळू लागला. पाणी आसाच्या जवळ आलं तेव्हा चाक रडतखडत फिरत होतं, सगळी ताकद पाणी घुसळण्यात जात होती. फिरत्या पात्यांचं चाकही मंदावलं, पण भुसा मागे जात राहिला.

घंगाळातलं ते पाणी म्हणजे अरबी समुद्रातला कोळसा. १४० फूट लांब आणि २५ फूट रुंद बोटीचा ढोबळ हिशेब केला तर सुमारे सात टन ओझं कमी झालं की बोट एक इंच वर येते. त्या काळच्या खादाड इंजिनांना दिवसाला दहा-पंधरा टन कोळसा लागला असेल असं धरलं, तर बोट रोज दीड-दोन इंच वर येत गेली. अकरा दिवसांत दीड-दोन फूट. मुंबई सोडताना तिची चाकं पाण्यात घुसमटत होती आणि एडन जवळ येईपर्यंत ती मोकळी झाली होती. म्हणजे कोळसा नेण्यासाठी बोट खोल बुडवली, खोल बुडाल्यामुळे चाकाची ताकद वाया गेली आणि वाया गेलेल्या ताकदीपायी आणखी कोळसा जळाला. मुंबई ते एडन साधारण १,६५० सागरी मैल. अकरा दिवसांत म्हणजे ताशी सहा मैलांच्या किंचित वर. हा वेग तिने या दुष्टचक्रातून काढला, हे घंगाळापाशी बसल्यावर कळलं. पुस्तकातल्या 'पहिला प्रवास' या शब्दांमागे भट्टीपुढे उभे असलेले आगवाले आहेत, बॉयलरमध्ये साचणारं खारं पाणी ठराविक वेळाने सोडून देणारी माणसं आहेत आणि पायाखालचा कोळसा सरेपर्यंत पाय पसरायला जागा नसलेले खलाशी आहेत.

मुंबईत वाफेची विद्या हाताने शिकली गेली, याचा दाखला आर्देशिर करसेटजी वाडियांचा आहे. त्यांनी आधी एक अश्वशक्तीचं छोटं इंजिन स्वतः घडवलं आणि विहिरीचं पाणी वर चढवून दाखवलं. मग १८३३ मध्ये 'इंडस' ही ६० टनांची आगबोट बांधली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. आधी लहान करून पाहा, मग मोठं बांधा, हा त्यांचा रस्ता. मॉडेल करणाऱ्याला याहून मोठा आधार नको.

आता अडचणी. पहिली नकाशांची. लांबी-रुंदी कळते, पण कुशीचा गोलावा कसा होता, नाळ किती झुकलेली होती, चाकाचा व्यास नेमका किती, पाती किती, हे सगळं एका कागदावर हाती लागत नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारात मरीन खात्याची दप्तरं आहेत, लंडनला कंपनीची कागदपत्रं आहेत. ती चाळायला महिने हवेत. तोवर त्या काळच्या इतर बोटींवरून अंदाज बांधावा लागतो आणि प्रत्येक अंदाज वहीत 'अंदाज' म्हणूनच लिहून ठेवावा लागतो. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी हेच मॉडेल पुरावा म्हणून दाखवेल.

दुसरी अडचण डागाची. पितळेच्या दोन बारीक कड्यांमध्ये आरे बसवून डाग द्यायचा, हे सोनाराचं काम. टाकणखार लावायचा, फुंकणीने ज्योत नेमकी सांध्यावर धरायची. तिसरा सांधा जुळेपर्यंत पहिला वितळून सुटतो. त्यावर उपाय जुनाच: झालेल्या सांध्यांवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि उष्णता तिथे पोचू द्यायची नाही. तरीही कडं किंचित पिळवटतं. एवढ्याशा चाकात एक मिलिमीटरचा पीळ म्हणजे खऱ्या चाकात जवळजवळ पाच सेंटिमीटर. फिरत्या पात्यांच्या चाकात त्या पिळाने दांडे अडकतात आणि नेमका पक्का जडवलेला दांडा आधी वाकतो.

तिसरी अडचण पावसाची. मुरबाडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला समजावायला नको. वैशाखात घट्ट बसलेली फळी आषाढात फुगते, शेजारच्या फळीला रेटते, आणि दिवाळीनंतर सुकून मध्ये फट पाडते. मोठी बोट पाण्यात राहते, तिचं लाकूड फुगून सांधे आवळले जातात. मॉडेलला तो आधार नाही. म्हणून फळ्या बसवायचं काम पावसाळ्यात बंद, तेव्हा फक्त पितळ.

चौथी अडचण सगळ्यांत अवघड, कारण तिला कारागिरीने उत्तर नाही. हे मॉडेल पाण्यात चालवायचं का? बोट लहान करता येते, पाणी करता येत नाही. लांबी अठ्ठेचाळीसपट कमी झाली की वजन एक लाख दहा हजारपट कमी होतं. हजार टनांची बोट नऊ किलोंची. वेग मात्र फक्त सातपट कमी करायचा, तरच लाटा खऱ्या बोटीसारख्या उठतात. विल्यम फ्राउडने १८७० च्या दशकात टँकमध्ये मॉडेलं ओढून हे नियम पक्के केले. पण पाण्याचा थेंब तोच राहतो. चाकाने उडवलेला साधा थेंब या मापात माणसाच्या डोक्याएवढा होतो. पात्याला पाणी चिकटतं ते खऱ्या बोटीत कधी चिकटलं नसतं. म्हणून घंगाळात दिसलेलं सगळंच्या सगळं समुद्राला लावता येणार नाही. चाक खोल बुडालं की ताकद वाया जाते, एवढं खात्रीने म्हणता येतं. किती वाया गेली, हे सांगायला घंगाळ पुरत नाही.

आणि पाचवी, जिचा निर्णय आता झाला आहे: पाण्याची रेघ कुठे मारायची? आगबोटींची मॉडेलं सहसा आखलेल्या रेघेवर, म्हणजे कागदावरच्या आदर्श बोटीची दाखवतात. तशी केली तर चाकं सुबक दिसतील, पाती जेमतेम बुडालेली. पण 'ह्यू लिंडसे' ज्यासाठी लक्षात ठेवावी, त्या प्रवासाला ती तशी निघालीच नव्हती. म्हणून रेघ मुंबई सोडतानाची, चाकं खोल गेलेली, डेकवर कोळशाचे ढीग. खाली एडनला पोचतानाची दुसरी रेघ, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास अंतरावर. त्या दोन रेघांच्या मधली जागा म्हणजे जळालेला कोळसा. जुन्या रेघा पक्क्या सापडल्या तर आमच्या खोडून नव्या मारायच्या, असं वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे.

सुतारकाकांना डेकवरचा कोळसा पसंत नाही. हेदूवर इतकं घासकाम करून त्यावर काळं टाकायचं म्हणजे त्यांना पाप वाटतं. त्यांचं वाटणं रास्त आहे. पण आगबोट म्हटलं की आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली 'रामदास' आठवते आणि तिथेच आठवण थांबते. त्याच्या शंभरहून अधिक वर्षं आधी मुंबईच्या गोदीत बांधलेली बोट आपल्या बळावर सुएझला गेली होती, हे मुरबाडच्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवं. ते कशाच्या किमतीवर जमलं हेही कळायला हवं. सुबक बोट त्यांना कुठल्याही चित्रात दिसेल. काळा ढीग आणि बुडालेलं चाक पाहिल्यावर एखादी मुलगी विचारेल की हे असं का, आणि उत्तर द्यायला तिच्यापुढे घंगाळ मांडता येईल.