डमी उघडण्याआधी

ब्रिजमध्ये पहिली उतारी करणाऱ्याला फक्त स्वतःची १३ पानं दिसतात. त्याचं पान पडल्यावरच डमी, म्हणजे बोली जिंकलेल्याच्या भिडूचा हात, उघडते आणि मग टेबलावरचा प्रत्येक जण २६ पानं बघून खेळतो. थोडक्यात, डावातला बहुधा सगळ्यात महागडा निर्णय सगळ्यात कमी माहिती असताना घ्यायचा.

वसई गावातल्या एका जुन्या घराच्या ओटीवर शनिवारी संध्याकाळी ब्रिजचं टेबल लागतं. मी बहुतेक वेळा बघ्या. बघ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम तिथे फार कडक आहे. खेळणाऱ्यांपैकी तिघांचा हात विरार लोकलमध्ये बसलेला: मांड्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर पत्ते, आणि वसई रोड ते चर्चगेट या पन्नासेक किलोमीटरांत बसतील तेवढे डाव. तिथे विचार करायला वेळच नसे. आता निवृत्तीनंतर तीच माणसं एका उतारीला दोन-दोन मिनिटं घेतात. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हापासून घरच्यांनी याला जुगार म्हणणं सोडलंय, तेवढीच वरकमाई.

एका शनिवारी मी रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांच्या मागे बसलो होतो. उजवीकडच्या बँकवाल्यांनी एक नोट्रम्प उघडलं, म्हणजे १५ ते १७ गुण. डावीकडून थेट तीन नोट्रम्प. बाकी सगळे पास. उतारी काकांची. हातात इस्पिकचे गुलाम-दश्शी-तिर्री, बदामची तीन फुटकळ पानं, चौकटचे राणी-९-६-४ आणि किलवरचे राजा-८-३.

शिकवणीत पहिल्या दिवशी सांगतात: नोट्रम्पविरुद्ध सगळ्यात लांब रंगातलं वरून चौथं पान टाका. त्या हिशेबाने चौकटची ४. काकांनी ती थोडी वर सरकवली आणि पुन्हा खाली दाबली. नंतर त्यांनी मला सांगितलं ते असं. एकूण गुण ४०. सहा आपले, पंचवीसेक समोरच्या जोडीचे, म्हणजे भिडूकडे आठ-नऊ. लढाई करायची तर भिडूच्या पत्त्यांवर करायची, आपल्या राणीवर नाही.

मग भिडूचा रंग कुठला? भिडू होत्या एक निवृत्त शिक्षिका, आणि त्यांनी दोन्ही वेळा पास म्हटलं होतं. पण डावीकडचे जे बोलले नाहीत, ते काकांनी ऐकलं. त्यांच्याकडे बदाम किंवा इस्पिकची चार पानं असती, तर त्यांनी आधी दोन किलवर बोलून भागीदाराला विचारलं असतं. विचारलं नाही. त्यांचा हात किलवर-चौकटीचा, म्हणजे आपल्या चौकटीवर तिथेच पाणी पडणार. उरले इस्पिक आणि बदाम. बदामात काही दम नाही. इस्पिकमध्ये निदान गुलाम-दश्शीची जोडी आहे. काकांनी इस्पिक गुलाम उपडा ठेवला. स्पर्धांमध्ये हीच पद्धत असते: पान उपडं ठेवायचं, भिडूला बोलीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारू द्यायचं, मग उलटायचं. ओटीवर त्याची गरज नाही, पण हे लोक कधीकधी स्पर्धेलाही जातात, म्हणून सवय मोडत नाहीत.

डमी उघडली. किलवरची पाच पानं राणी-गुलामासह, आणि इस्पिकची जेमतेम दोन. बाईंकडे इस्पिकचे एक्का-राणी-८-७-५. त्यांनी एक्का घातला नाही. अठ्ठी टाकून ‘हाच रंग पुन्हा आण’ एवढं कळवलं. माझ्या मते उतारीइतकंच हे पानही कसबाचं होतं. बँकवाल्यांना राजाने तो हात घ्यावाच लागला. सोडत राहिले असते तर राजा तिसऱ्या फेरीत एक्क्याखाली मेला असता. नऊ हात पुरे करायला त्यांना किलवर हवंच होतं, आणि किलवरचा राजा काकांकडे. तो हात मिळताच काकांनी दश्शी आणि तिर्री खेळली. इस्पिकचे चार हात, किलवरचा एक. कॉन्ट्रॅक्ट एका हाताने बुडलं.

चौकटची ४ पडली असती तर? बँकवाल्यांनी ती डमीच्या राजाने घेऊन लगेच किलवर खेळलं असतं. काकांना राजाचा हात मिळाला असता आणि मग त्यांनी इस्पिक शोधलंही असतं, पण तोवर उशीर. इस्पिक राजा, किलवरचे चार, चौकटचे दोन, बदामचे दोन: बरोबर नऊ. फरक पडला तो एका फेरीचा.

याला नशीब म्हणणारे ओटीवरही आहेत. मला ते पटत नाही. डेव्हिड बर्ड आणि टाफ अँथियास यांनी २०११मध्ये नोट्रम्पविरुद्धच्या उतारींवर पुस्तक काढलं. संगणकाकडून हजारो डाव खेळवून कुठलं पान किती वेळा लागू पडतं ते त्यांनी मोजलं. एक नोट्रम्प, थेट तीन नोट्रम्प या बोलीनंतर इस्पिक-बदामची उतारी, अगदी आखूड रंगातलीसुद्धा, जुन्या पुस्तकांच्या समजुतीपेक्षा बरीच चांगली ठरते, असं त्यात निघालं. काकांनी ते पुस्तक वाचलेलं नाही.

म्हणून चौथं पान मोडीत काढायचं कारण नाही. पुढच्याच एका डावात समोरच्यांनी इस्पिक आणि बदाम दोन्ही बोलून झाल्यावर तीन नोट्रम्प धरलं. बाईंनी किलवर सत्ती टाकली. आता काका भिडू. ११मधून सात गेले, चार उरले. म्हणजे सत्तीवरची चारच पानं बाकी तीन हातांत. (एक्का १४वा धरला तर सत्तीच्या वर सात पानं होतात. सत्ती चौथी, म्हणजे त्यांतली तीन टाकणाऱ्याकडेच.) डमीत राणी आणि नव्वी, काकांच्या हातात एक्का आणि दश्शी. चार झाली. डिक्लेअररकडे, म्हणजे बोली जिंकलेल्याकडे, सत्तीवरचं एकही पान नाही. डमीतून तिर्री आली, काकांनी दुर्री टाकली आणि सत्ती हात घेऊन गेली.

“एक्का हातात असून दुर्री?” पाहुणे आलेले एक जण न राहवून म्हणाले. त्यांना लगेच चहा सांगायला आत पाठवण्यात आलं.