वावरातला रोही आणि ३१५ बोर

कारंजा लाडच्या आसपास तूर फुलावर आली की रात्री वावरांत दिवे हलायला लागतात. जागलीचे दिवे. कुणी धुऱ्याजवळ मचाण बांधलेलं असतं, कुणी डबा बडवत फेऱ्या मारतो, कुणी कुत्र्यांचं भुंकणं मोबाइलवर भरून भोंग्याला जोडून ठेवतो. इतकं करूनही पहाटे जाऊन पाहावं तर रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेंडे खुडलेले आणि शेजारच्या हरभऱ्यात रानडुकरांनी नांगरट करून ठेवलेली. मग पारावर हमखास विषय निघतो तो बंदुकीचा. कमी पैशांत येईल आणि ऐन वेळी दगा देणार नाही, अशी कोणती?

प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तर शोधायला गेलं तर त्यात ऑस्ट्रियाचं एक शंभर वर्षांहून जुनं काडतूस निघतं, इंग्रज सरकारच्या मनातली भीती निघते आणि शाळेत कंटाळत सोडवलेली काटकोन त्रिकोणाची गणितंही निघतात.

आधी कायदा, कारण त्याच्याशिवाय पुढचं सगळं बोलणं हवेत जातं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार भारतात संपवली. मात्र उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारण्याची परवानगी देण्याची वाट त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात आहे. रोही आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याबाबत लेखी आदेशाने अशी परवानगी मिळू शकते आणि महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये हे अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही.

कारंज्यात नेमकी इथेच पंचाईत होते. गावाजवळच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम १८.३२ चौरस किलोमीटर आणि ओळख काळविटांसाठी. कळपाला अभयारण्याची हद्द कळत नाही. नर काळवीट काळा-पांढरा, पिळाच्या शिंगांचा, ओळखायला सोपा. मादी आणि पाडसं मात्र बदामी रंगाची. रोह्याची मादी आणि वासरंही बदामीच. भर दुपारी दोघांतला फरक शेंबडं पोरही सांगेल. रात्री दीडशे पावलांवर बॅटरीच्या झोतात फक्त चमकणारे डोळे दिसतात, त्यांच्यामागचं अंग किती मोठं आहे याचा अंदाज चुकतो. एका जनावरासाठी परवानगीची वाट आहे आणि दुसऱ्यासाठी तुरुंगाची, आणि दोघंही त्याच तुरीत उभी. कोणतीही रायफल, महाग असो वा स्वस्त, हा फरक सांगत नाही.

आता बाजाराकडे वळू. बाहेरच्या देशांत शिकारी दुकानात गेला की त्याच्यापुढे पन्नास नावं मांडली जातात. आपल्याकडे सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे आजोबांच्या काळातली एखादी इंग्रजी किंवा चेक रायफल हात बदलते तेव्हा तिची किंमत सोन्यासारखी सांगितली जाते. उरते ती सरकारी कारखान्याची, आणि तिच्यात सर्वांत ओळखीचं नाव ३१५ बोर. ही पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याची पाच गोळ्यांची बोल्टवाली रायफल. तिची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात, ती ‘किर्की फॅक्टरी’ची.

बोर म्हणजे नळीचा आतला व्यास. पण हा ३१५चा आकडा आला कुठून? एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५ म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्कराच्या मानलिखर रायफलचं, १८९०च्या सुमाराचं. ते विदर्भातल्या वावरात पोचलं ते इंग्रजांच्या धास्तीमुळे. लष्कराची रायफल ३०३ बोरची होती. लोकांच्या घरात त्याच बोरच्या बंदुका असल्या तर लष्करी गोदामातून चोरलेली काडतुसं त्यांना चालतील, म्हणून हिंदुस्थानात लष्करी बोर सामान्य माणसाला बंद करण्यात आले. मग बीएसएसारख्या इंग्रजी कंपन्यांनी वाट काढली. लष्कराची गोळी जिच्यात बसणारच नाही अशी ८ मिलिमीटरची रायफल त्यांनी इथल्या शिकाऱ्यांसाठी बनवली. इंग्रज गेले, मानलिखरचं साम्राज्य तर त्याच्याही आधी गेलं, पण ते काडतूस राहिलं. एका परक्या सरकारच्या संशयातून ठरलेला हा आकडा आजही परवान्याच्या पुस्तिकेत लिहिला जातो.

जुनं म्हणजे कुचकामी, असं मात्र मानायचं कारण नाही. या काडतुसाच्या मूळ लष्करी मापात गोळीचं वजन १५.८ ग्रॅम होतं आणि नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला साधारण ६२० मीटर होता. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की गतिज ऊर्जा येते ती ३००० ज्यूलच्या घरात. पूर्ण वाढलेला रोही दोनशे किलोंच्या पुढे जातो. त्याच्यासाठीही एवढी ऊर्जा पुरेशी आहे. उलट बाजूचं गणितही पाहावं. गोळी पुढे जाते तेवढाच संवेग बंदूक मागे घेते. साडेतीन किलोंच्या रायफलला हा झटका सेकंदाला साधारण तीन मीटर वेगाने खांद्यावर ढकलतो. सवय नसलेला माणूस पहिल्या बारानंतर दुसऱ्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. नेम चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि ते बंदुकीत नसून बंदूक धरणाऱ्यात असतं.

म्हणूनच बोर जितका मोठा तितकं बरं, हा पारावरचा सिद्धान्त खरा नाही. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटने मे १९२६मध्ये मारला तो .२७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्या रायफलने. त्याच मापाच्या काडतुसाने डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले. (ते पुण्यकर्म होतं असं इथे म्हणायचं नाही, मुद्दा भौतिकशास्त्राचा आहे.) गोळी कुठे लागली हे आधी, किती जाडीची होती हे नंतर.

मग ‘खात्रीची’ म्हणजे काय? रोह्याच्या छातीतला काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण जेवणाच्या ताटाएवढा. शंभर मीटरवर झाडलेल्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, तर या कामाला ती रायफल पुरेशी अचूक आहे. त्याच अंतरावर रुपयाच्या नाण्यात गोळ्या बसवणारी रायफल स्पर्धेसाठी लागते, तुरीच्या राखणीसाठी नाही. इथे जास्तीचे पैसे वाया जातात. बोल्टची यंत्रणाही या हिशेबात सरस ठरते. ईशापूरची बोल्ट जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली, म्हणजे चिखल-धुळीत दोन महायुद्धं पार केलेली. सुटे भाग कमी, सगळं हाताने चालणारं. एखादं काडतूस उडालं नाही तर बोल्ट मागे ओढून बाहेर काढता येतं, पण लगेच नाही. अर्धा-एक मिनिट नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावं लागतं, कारण कधी कधी दारू उशिरा पेटते.

रायफल बिघडते ती बहुतेक वेळा घरातच. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि ते नळीत चिकटून राहतं. हे मिठाच्या जवळचं नातेवाईक, हवेतला ओलावा ओढून घेतं. वऱ्हाडातल्या श्रावणात अशी न धुतलेली नळी काही दिवसांतच आतून गंजते, पिळाच्या खाचांना खड्डे पडतात आणि गोळी नीट फिरत नाही. तेलाने हे मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून जुने सैनिक नळीतून आधी कढत पाणी ओतायचे आणि कोरडी करून मग तेल लावायचे. जुनी रायफल घेताना पॉलिश पाहू नये. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. पीळ आरशासारखा चमकला पाहिजे. मधे काळपट डाग दिसले तर पुढच्या गप्पा चहापुरत्याच ठेवाव्यात.

आता भूमिती. रायफलच्या बाबतीत कारंज्याच्या सपाट रानात सगळ्यांत महत्त्वाची तीच.

जमिनीवर उभा असलेला माणूस खांद्याला बंदूक लावतो तेव्हा नळी सुमारे १.४ मीटर उंचीवर असते. चाळीस मीटरवरच्या जनावराची छाती एक मीटर उंचीवर धरू. चाळीस मीटरांत गोळी उतरते फक्त चाळीस सेंटिमीटर. नेम चुकला किंवा गोळी आरपार गेली, तर ती जमिनीला टेकेपर्यंत आणखी शंभर मीटर जाते, आणि जमीन कडक असली तर टेकून पुन्हा उसळते. त्या शंभर मीटरांत शेजाऱ्याची जागल असू शकते. आता हाच माणूस मचाणावर बसवा, नळी तीन मीटरांवर आणा. त्याच चाळीस मीटरांत गोळी दोन मीटर उतरते आणि जनावराच्या मागे अवघ्या वीस मीटरांवर मातीत घुसते. बल्ल्या आणि सुतळीचं मचाण सुरक्षिततेच्या बाबतीत पाचपट काम करतं. इतका स्वस्त सुटा भाग कोणत्याही कारखान्यात मिळणार नाही.

नळी थोडी वर उचलली गेली तर मात्र हिशेबच बदलतो. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. एवढ्या अंतरात एखादं अख्खं गाव मावतं. आता या सपाटीतून समृद्धी महामार्गही जातो, तोही अभयारण्यातूनच. शिवाय गुरुत्वाकर्षण आहेच. शंभर मीटरवर नेम बसवलेल्या ३१५ची गोळी दोनशे मीटरवर नेमाच्या रेषेखाली साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर पडते. छातीवर धरलेला नेम पायावर जातो. जखमी रोही लंगडत नाल्यात शिरतो आणि चार दिवसांनी मरतो. अशा जनावराला शोधून संपवण्याची जबाबदारी बार टाकणाऱ्याची असते. ती रात्र कुणी किमतीत धरत नाही.

यामुळेच जाणते लोक शेतराखणीसाठी अजूनही बारा बोरकडे वळतात. त्या नावातही गणित आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकीचा जेवढा व्यास, तेवढी नळी. म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. आत पीळ नसतो. मोठे छर्रे ३५-४० मीटरांपर्यंत कामाचे, त्यापुढे त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. रायफलच्या तुलनेत हे उणं वाटतं. पण ज्या रानात प्रत्येक तिसऱ्या वावरात माणूस जागा आहे, तिथे लांब न जाणं हाच तिचा गुण. ठासणीची भरमार त्याहून स्वस्त, पण एकाच बाराची आणि दमट हवेत रुसणारी; तिला खात्रीची म्हणणं कठीण.

आणि हे सगळं जुळलं तरी पुढे काय? परवानगीने मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं. त्याचा पंचनामा होतो. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, २०१९च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. दुसरीकडे, रोही मारून रोही कमी होतात का, हाही वादच आहे. २०१६मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले होते. मोकळ्या झालेल्या रानात शेजारचे कळप शिरतात, हे तर गुराख्यालाही ठाऊक असतं.

ज्या यंत्राने रोही खरोखर वावराबाहेर राहतो, त्याची ऊर्जा रायफलपुढे हास्यास्पद आहे. सौर कुंपणाचं यंत्र साधारण दर सेकंदाला एक झटका देतं. दाब हजारो व्होल्टचा, पण झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यातली ऊर्जा फार तर पाच ज्यूल. रायफलच्या गोळीत तीन हजार. पाच ज्यूलनी जनावर मरत नाही, पण ती जागा लक्षात ठेवतं. याउलट घरगुती २३० व्होल्टचा आकडा थेट तारेवर टाकला तर प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडतात, धरलेली तार सुटत नाही. विदर्भात अशा तारांनी रानडुकरांबरोबर वाघ मेले आणि जागलीला निघालेली माणसंही. त्या स्वस्ताईपुढे महागातली महाग रायफलही परवडली असती.

बंदूक घरात असेल आणि परवाना खरा असेल तर तिची जागा मचाणावर, पल्ला चाळीस मीटरांपर्यंत आणि पहिला बार आधी लक्ष्यफलकावर, हा हिशेब कारंज्याच्या रानाला लागू पडतो. नसेल, तर तेच पैसे आधी कुंपणात घालावेत. बंदुकीची आणखी एक अडचण विक्रेता सांगत नाही. निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्या परवानाधारकाला आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. विधानसभेचं गेलं मतदान २० नोव्हेंबर २०२४ला झालं. त्या महिन्यात तूर फुलावर असते.