मातीवरील कुस्तीचे स्मरणरंजन

मातीवरील कुस्तीचे स्मरणरंजन म्हणजे महाराष्ट्रात लाल मातीच्या हौद्यात, वेळेच्या बंधनाविना आणि चितपटीवर निकाल ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्तीच्या गतकाळाविषयी मल्ल, वस्ताद व प्रेक्षक यांच्यात आढळणारी ओढ होय. हा गतकाळ ढोबळमानाने कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या उभारणीपासून (१९१२) १९८० च्या दशकापर्यंतचा मानला जातो. गादीवरील म्हणजेच मॅटवरील गुणाधारित कुस्ती रूढ झाल्यावर ही ओढ अधिक ठळक झाली. मराठवाड्यात, विशेषतः जालना येथे २०१८ मध्ये झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या निमित्ताने, माती आणि गादी यांतील हा भेद स्पष्टपणे समोर आला. अशाच प्रकारची गतकाळाची ओढ जपानमधील मिश्र युद्धकलांच्या चाहत्यांमध्येही आढळते.

स्वरूप

पारंपरिक आखाड्यातील माती ही साधी माती नसते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, काव, कापूर इत्यादी पदार्थ मिसळून ती मऊ व भुसभुशीत ठेवली जाते आणि दररोज खणली जाते. अशा मातीत पाय काही प्रमाणात रुततो, अंगाला माती लागल्याने पकड घट्ट बसते आणि झटपट हालचालींपेक्षा ताकद, दम व पकडीचे कसब यांना अधिक महत्त्व येते. मातीवरील लढतीत खडाखडीला, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेत उभ्याने केलेल्या झटापटीला, पुष्कळ वेळ मिळतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकली की कुस्ती निकाली ठरते. निकाल न लागल्यास पंच ती बरोबरीत सोडवतात.

लढतीभोवतीचा सोहळाही या आठवणींचा महत्त्वाचा भाग आहे. हलगी व तुतारीचा घोष, मैदानात फिरून जोड लावणे, शड्डू ठोकून दिलेले आव्हान, वस्तादांच्या पाया पडणे, विजेत्याला बांधला जाणारा फेटा आणि लहान मुलांच्या किरकोळ इनामाच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या कुस्तीपर्यंत चढत जाणारा क्रम यांना गावजत्रांत आजही स्थान आहे. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट, मोळी ही डावांची नावे कुस्ती न खेळणाऱ्यांच्या बोलण्यातही रुळलेली आहेत. ‘चितपट करणे’, ‘शड्डू ठोकणे’, ‘आखाड्यात उतरणे’ हे वाक्प्रचार तर राजकीय वार्तांकनात नित्य वापरले जातात.

सुवर्णकाळ

या काळाच्या प्रारंभाशी छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) यांचे नाव जोडलेले आहे. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. मध्यभागी खोलगट आखाडा व सभोवती चढत जाणारी बैठक अशी रचना असल्याने कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला लढत दिसते. १९१२ मध्ये या मैदानाच्या उद्घाटनप्रसंगी झालेल्या कुस्तीत प्रसिद्ध मल्ल गामा यांचे धाकटे बंधू इमामबक्ष यांनी गुलाम मोहिद्दीन यांच्यावर विजय मिळवला. दरबाराने मल्लांच्या खुराकाची व्यवस्था केल्याने उत्तरेकडील मल्लही कोल्हापुरात येऊन राहू लागले. मोतीबाग, गंगावेश व शाहूपुरी येथील तालमी पुढे महाराष्ट्रभरातील तरुणांची केंद्रे बनल्या.

स्वातंत्र्योत्तर काळात राजाश्रयाची जागा स्पर्धा व संस्थांनी घेतली. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. परिषदेची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाली आणि दिनकर दह्यारी हे तिचे पहिले विजेते ठरले. श्रीपती खंचनाळे (१९५९) व गणपतराव आंदळकर (१९६०) यांनी हिंदकेसरी हा किताब मिळवला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी फ्रीस्टाइल प्रकारात, तर आंदळकर यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक जिंकले. दोघांनीही दुसऱ्या प्रकारात रौप्यपदक मिळवले. मराठवाड्याच्या दृष्टीने या पिढीतील महत्त्वाचे नाव हरिश्चंद्र बिराजदार यांचे आहे. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातून आलेल्या बिराजदार यांनी १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी व १९७२ मध्ये हिंदकेसरी हे किताब जिंकले. पुढे पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी नव्या पिढीला घडवले.

मातीकडून गादीकडे

ऑलिंपिकमधील कुस्ती गादीवर होते. तेथे चितपटीखेरीज ताबा, बगल देऊन मागे जाणे, प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकलणे यांसाठीही गुण मिळतात. सध्याच्या नियमांनुसार लढत प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि फ्रीस्टाइल प्रकारात १० गुणांची आघाडी मिळताच ती संपते. म्हणजे मातीत ज्या वेळात मल्ल एकमेकांचा केवळ अंदाज घेत, त्या सहा मिनिटांत गादीवर निकाल लागतो. पाय न रुतणाऱ्या पृष्ठभागावर चपळाई, खाली झुकून पट काढणे आणि गुणांचे सततचे भान यांना महत्त्व येते.

या बदलाची किंमत व लाभ दोन्ही खाशाबा जाधव (१९२६–१९८४) यांच्या कारकिर्दीत दिसतात. कराडजवळील गोळेश्वर येथे जन्मलेले जाधव मातीतच घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी व तिचे नियम नवखे असतानाही ते सहावे आले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी मार्गदर्शकाकडून त्यांनी नव्या तंत्राचे धडे घेतले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी मिळवले. इशी मूळचे ज्युदोपटू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आल्याने ते कुस्तीकडे वळले होते. भारताला कुस्तीतील पुढील ऑलिंपिक पदक ५६ वर्षांनी, २००८ मध्ये, सुशील कुमार यांच्या रूपाने मिळाले. महाराष्ट्राच्या मल्लाला ते अद्याप मिळालेले नाही.

जालना व मराठवाडा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना शहर औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान मानले जाते. बलोपासनेचा आदर्श म्हणून मारुतीची उपासना व तालीम यांची सांगड महाराष्ट्रात त्यांच्या परंपरेशी जोडली जाते, आणि आखाड्यात मारुतीची प्रतिमा असण्याची रीत सर्वत्र आढळते. कोल्हापूरसारखा दीर्घकालीन दरबारी आश्रय मराठवाड्यातील कुस्तीला लाभला नाही. येथे तिचा आधार प्रामुख्याने गावजत्रा, यात्रा समित्यांची इनामे आणि वर्गणी हाच राहिला. त्यामुळे या भागातील होतकरू मल्लांनी कोल्हापूर किंवा पुण्याच्या तालमीत जाऊन राहणे ही रूढ वाट बनली. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे हे तिचे अलीकडचे उदाहरण होय. बिराजदार व नंतर काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालना येथे भरली. या स्पर्धेत माती व गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात. दोन्ही विभागांतील खुल्या गटाचे विजेते अंतिम फेरीत एकमेकांशी लढतात आणि ही लढत गादीवर होते. जालन्यात माती विभागातून बुलढाण्याकडून खेळणारे बाला रफिक शेख, तर गादी विभागातून आधीच्या वर्षाचे विजेते अभिजित कटके अंतिम फेरीत आले. शेख यांनी ही लढत ११-३ अशा गुणांनी जिंकली. ते कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकर यांचे शिष्य होते आणि आंदळकर यांचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निधन झाले होते. त्यामुळे हा विजय जुन्या परंपरेचा विजय म्हणून पाहिला गेला. मात्र मातीत घडलेल्या मल्लाने तो गादीवर आणि गुणांच्या हिशेबाने मिळवला होता, ही बाब या स्मरणरंजनातील मूळ विसंगती दाखवते.

जपानमधील समांतर उदाहरण

खेळाचे नियम व आश्रय बदलल्यावर गतकाळाची ओढ निर्माण होणे ही केवळ महाराष्ट्रातील गोष्ट नाही. जपानमध्ये ‘प्राइड’ या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धेला ११ ऑक्टोबर १९९७ रोजी टोकियो डोम येथे प्रारंभ झाला. मुख्य लढतीत ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसी यांनी जपानी व्यावसायिक कुस्तीतील तारा नोबुहिको ताकादा यांचा पराभव केला. ताकादा यांचे शिष्य काझुशी साकुराबा यांनी १ मे २००० रोजी रॉयस ग्रेसी यांच्याशी दिलेली ९० मिनिटांची लढत या काळाचे प्रतीक मानली जाते. प्राइडमध्ये जाळीच्या पिंजऱ्याऐवजी दोरांचे रिंग असे आणि पहिली फेरी १० मिनिटांची असे. गुण फेरीगणिक न मोजता पंच संपूर्ण लढतीचा एकत्रित विचार करत. संघटित गुन्हेगारीशी संबंध असल्याच्या आरोपांनंतर २००६ मध्ये फुजी दूरचित्रवाहिनीने करार रद्द केला. २००७ मध्ये ‘यूएफसी’च्या मालकांनी ही स्पर्धा विकत घेतली आणि ती बंद पडली. २०१५ मध्ये तिच्या माजी प्रमुखांनी ‘रिझिन’ ही नवी स्पर्धा सुरू केली, तरी जुन्या काळाची ओढ कायम राहिली.

या दोन परंपरांत एक दूरचा दुवाही आहे. खासबागेच्या उद्घाटनाची कुस्ती जिंकणारे इमामबक्ष यांचे पुत्र अक्रम यांनी डिसेंबर १९७६ मध्ये कराची येथे जपानच्या अँटोनियो इनोकी यांच्याशी लढत दिली. इनोकी यांनी हात पिळून धरल्याने अक्रम जखमी झाले व पराभूत ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये इनोकी मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांच्याशी टोकियोत लढले होते. भिन्न युद्धप्रकारांतील अशा लढतींनी जपानी मिश्र युद्धकलांची पार्श्वभूमी तयार केली. पुढे प्राइडच्या पहिल्या मुख्य लढतीत उतरलेले ताकादा हे इनोकी यांच्याच संस्थेत घडले होते.

कारणे

या स्मरणरंजनामागे अनेक कारणे दिसतात. पहिले कारण निकालाच्या स्पष्टतेचे आहे. चितपट झालेली कुस्ती मैदानातील प्रत्येकाला कळते, तर गुणांचा निर्णय पंचांवर अवलंबून असतो. २०२५ च्या अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून मोठा वाद झाला. तो वाद मात्र गुणांचा नव्हता, तर पाठ टेकली की नाही याविषयीचा होता. त्यामुळे चितपटीचा निकालही नेहमी निर्विवाद असतो असे म्हणता येत नाही. दुसरे कारण सहभागाचे आहे. जत्रेतील मैदान हा गावाचा सामूहिक उत्सव असतो आणि इनामाची रक्कमही गावच जमवते. तिसरे कारण तालीम या जीवनपद्धतीचे आहे. पहाटेचे जोर व बैठका, बदामाची थंडाई, एकत्र निवास व वस्तादांचा धाक यांमुळे तालीम हे केवळ सरावाचे ठिकाण न राहता दुसरे घर बनत असे.

चिकित्सा

गतकाळाच्या गौरवात काही गोष्टी नजरेआड होतात. जुन्या मैदानांत स्त्रियांना जवळजवळ स्थान नव्हते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. खुराकाचा मोठा खर्च शेतकरी कुटुंबांना पेलावा लागे, तर कारकीर्द संपल्यावर मल्लाच्या उपजीविकेची हमी नसे. खुद्द खाशाबा जाधव यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये. वेळेचे बंधन नसलेल्या कुस्त्या रंगतदार होत, तशाच त्या रेंगाळून बरोबरीतही सुटत.

दुसरीकडे, मातीचा सराव निरुपयोगी ठरल्याचेही सिद्ध झालेले नाही. माने, आंदळकर व जाधव यांचे यश मातीतील ताकदीला गादीचे तंत्र जोडल्यामुळे शक्य झाले. म्हणून अनेक तालमींत आज हौदा व गादी दोन्ही ठेवले जातात.

वारसा व चित्रण

कुस्तीचा हा गतकाळ लोकप्रिय माध्यमांतही दिसतो. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६–२०२१) या झी मराठी वाहिनीवरील मालिकेचा नायक पहिलवान होता, तर ‘केसरी’ (२०२०) या मराठी चित्रपटाचा विषय महाराष्ट्र केसरी होण्याची आकांक्षा हा आहे. वास्तूंच्या जतनाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात लागलेल्या आगीत खासबाग मैदानाला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह भस्मसात झाले आणि मैदानाच्या रंगमंचाकडील भागालाही तिची झळ पोहोचली. गावजत्रांतील मैदाने अद्याप भरत असली, तरी तालमींतील निवासी शिष्यांची परंपरा टिकणे हे खुराकाची सोय, वस्तादांचे मानधन आणि निवृत्त मल्लांचा चरितार्थ यांवर अवलंबून आहे.