मुशीच्या पोटात पांढऱ्या पेशी

रत्नागिरी-मालवणची मासळी कोल्हापुरात येते, तेव्हा पाटीत कधीकधी खरखरीत कातडीची मुशीही असते. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्याविषयीच्या काही समजुती निरुपद्रवी आहेत. एक मात्र नाही.

गैरसमज : मुशीला हाडं नाहीत, मग अस्थिमज्जा नाही आणि पांढऱ्या पेशीही नाहीत.
पेशी आहेत, फक्त कारखाना दुसरीकडे आहे. मुशी साफ करताना जननग्रंथींना चिकटलेला फिकट, मऊ, लांबट गोळा निघतो. कोळीण तो आतड्यांबरोबर टाकून देते. पांढऱ्या पेशी तिथेच तयार होतात. काही जातींत अन्ननलिकेच्या भिंतीतही तसा अवयव असतो. प्लीहा आणि थायमस तर आपल्यासारखेच.

गैरसमज : आदिम माशांना आधीचा रोग आठवत नाही.
लॅम्प्रे शार्कहूनही जुन्या वंशाचा. त्याला जबडाच नाही. त्याच्या अंगावर दुसऱ्या लॅम्प्रेची कातडी लावली तर ती काही काळाने झडते. त्याच माशाची पुन्हा लावली तर आणखी लवकर झडते. पण आपल्यासारखी प्रतिपिंडं त्याच्या रक्तात सापडत नव्हती. हे कोडं 2004 साली झीव पॅन्सर आणि मॅक्स कूपर यांच्या संशोधनातून सुटलं. लॅम्प्रेच्या लिम्फोसाइट पेशी अगदी वेगळ्या प्रथिनांच्या जनुकांचे तुकडे जुळवून असंख्य प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) बनवतात. ही आपल्या व्यवस्थेची कच्ची आवृत्ती नव्हे. त्याच कामाची स्वतंत्र युक्ती आहे.

गैरसमज : शार्कला कॅन्सर होत नाही, म्हणून त्याच्या कूर्चेच्या कॅप्सूल घ्याव्यात.
शाहूपुरीतल्या एखाद्या घरात कॅन्सरचं निदान झालं की सल्ल्यांची रांग लागते. त्यात ही कॅप्सूल निघाली तर स्पष्ट नाही म्हणावं. 1992 साली अमेरिकेत विल्यम लेन यांचं याच दाव्याचं पुस्तक आलं आणि धंदा फोफावला. वास्तविक शार्कमध्ये गाठींच्या नोंदी आहेत, अगदी कूर्चेतल्याही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 379 रुग्णांवर कूर्चेच्या अर्काची चाचणी झाली. 2010 मध्ये निष्कर्ष छापून आला : अर्क घेणारे जास्त जगले नाहीत. घाबरलेल्या माणसाचा पैसा आणि उपचाराचे मोलाचे दिवस अशा बाटल्यांत जावेत, याचा मला राग येतो.

शार्ककडून घ्यायचं ते वेगळंच आहे. 1995 साली त्याच्या रक्तात हलकी साखळी नसलेलं प्रतिपिंड सापडलं. त्याचं इवलंसं टोक मोठ्या प्रतिपिंडांना न पोहोचणाऱ्या फटीत शिरतं, म्हणून औषधांसाठी त्यावर काम चालू आहे. हे टोक प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेता येतं. त्यासाठी शार्क मारावा लागत नाही.